नाकारलेल्या आमंत्रणाच्या गावी



माझी मराठी तुम्हाला थोडी जुन्या वळणाची वाटेल. आमच्या घरात ती पिढ्यान् पिढ्या बोलली गेली, पण उंबरठ्याबाहेर पाऊल टाकले की तमिळ, आणि तंबोरा जुळला की तेलुगू. लहानपणी मला वाटायचे, सगळ्याच घरांत असे असते. स्वयंपाकघराची भाषा एक, बाजाराची दुसरी आणि गाण्याची तिसरी. पुढे कळले की हे तंजावरचे देणे आहे, आणि त्या देण्याच्या मध्यभागी गायक-रचनाकार त्यागराज उभे आहेत.

यंदाच्या संमेलनाचा विषय त्यागराजांच्या प्रमुख रचना हा ठरला, तेव्हा स्वागत समितीत मी एक गोष्ट बोलून दाखवली. तीच आपल्यापुढे ठेवतो. परंपरा सांगते की आमच्या सरफोजीराजांनी त्यागराजांना दरबारात गाण्यासाठी बोलावले, धन देऊ केले, आणि त्यांनी ते घेतले नाही. कल्याणी रागातली ‘निधि चाल सुखमा’ ही कृती त्या प्रसंगातली मानतात. धनाच्या राशीत सुख की रामाच्या सान्निध्यात, असा तिचा प्रश्न आहे. प्रसंग तसाच घडला की नाही, हा वाद अभ्यासकांनी घालावा. प्रश्न मात्र त्या कृतीत आहे, आणि तो ज्या गादीला विचारल्याचे लोक दोनशे वर्षे सांगत आले, ती गादी मराठी होती. त्या गादीच्या गावातला एक मराठी माणूस म्हणून आज मी तुम्हाला आमंत्रण देतो आहे. मला यात कमीपणा वाटत नाही. ज्याला ‘नाही’ म्हणता आले आणि ‘नाही’ म्हणून सुखाने जगता आले, असा गायक आमच्या राज्यात होऊन गेला, याचा मला अभिमान वाटतो.

कारण त्या राज्याने गाण्याला जागा दिली होती. तंजावरच्या शहाजीराजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस तेलुगूत आणि मराठीत नाटके रचली. तुळजाराजांनी ‘संगीत सारामृत’ लिहिले. सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला. उद्या दुपारी तो लेख आपण पाहणार आहोत. त्यागराजांचे गुरू सोंठी वेंकटरमणय्या हे दरबारी गायक. म्हणजे दरबाराची विद्या त्यागराजांपर्यंत पोहोचली होती. दरबार तेवढा त्यांनी घेतला नाही. ते तिरुवय्यारूच्या गल्ल्यांतून रामनाम गात फिरत आणि झोळीत पडेल त्या तांदळावर घर चालवत. इकडे त्याला उंछवृत्ती म्हणतात. माधुकरी हा शब्द ज्यांच्या घरात होता, त्यांना यावर अधिक सांगायला नको.

त्यागराजांचा काळ १७६७ ते १८४७. श्यामा शास्त्री आणि मुत्तुस्वामी दीक्षितर हे त्यांचे समकालीन, आणि तिघांचाही जन्म याच मुलखातल्या तिरुवारूरचा. त्यागराजांच्या सुमारे ७०० रचना आज हाताशी आहेत. तीन दिवसांत सातशेंना हात लावणे शक्य नाही, म्हणून आम्ही घनराग पंचरत्नांभोवती संमेलन बांधले आहे.

या पाच कृती नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या रागांत आहेत. पाचही आदि तालात. पहिली संस्कृतात, उरलेल्या चार तेलुगूत. त्यांची बांधणी ऐकताना एक गोष्ट ध्यानात धरा. चरण आधी सरगमीत गायचे आणि मग त्याच स्वरांवर शब्द यायचे. स्वर आणि शब्द एकाच मापाचे कापलेले आहेत. पहिल्या नाटात रामाच्या नावांची माळ आहे. दुसरी, गौळातली ‘दुडुकु गल’, मला सगळ्यांत जवळची. तिच्यात कवी स्वतःच्या दोषांची यादी देत जातो. माणसाला होऊ शकणारे बहुतेक सगळे दोष तो आपल्या नावावर घेतो. एवढा मोठा भक्त हे खरोखर स्वतःविषयी सांगत होता की आपल्या सगळ्यांच्या वतीने? मी साठ वर्षे ही कृती ऐकतो आहे, आणि माझे उत्तर दर काही वर्षांनी बदलते. पाचवी ‘एंदरो महानुभावुलु’ श्री रागात, जगातल्या सगळ्या थोरांना वंदन करणारी. हिंदुस्थानी गायकांना सावध करतो: हा श्री म्हणजे तुमचा पूर्वी थाटातला श्री नव्हे. हा काफीच्या अंगाचा, सौम्य आहे. आरभीच्या आरोहात मात्र तुम्हाला दुर्गेचे स्वर भेटतील.

अशा ओळखी इथे पावलोपावली होतील. ‘सामजवरगमना’ सुरू झाले की मालकंस कानात उभा राहील, कारण हिंदोळम म्हणजे स्वरांनी मालकंसच. मोहनमात भूप दिसेल. पण स्वर तेच असले तरी चाल वेगळी, गमक वेगळे, आणि मुख्य म्हणजे रचनाकाराचा वाटा वेगळा. ख्यालात बंदिश दोन ओळींची असते आणि बढत गायकाची. त्यागराजांच्या कृतीत बढतीचा मोठा भाग रचनेतच येतो. पल्लवीची एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दर खेपेला थोडी उलगडते, थोडी उंच जाते. याला संगती म्हणतात. हे तंत्र त्यांनी इतके वाढवले की खरहरप्रिया रागातल्या ‘चक्कनि राजमार्गमु’च्या संगती ऐकताना एखाद्या मैफलीचा पहिला अर्धा तास चार मिनिटांत ऐकल्यासारखे वाटते. खरहरप्रियाचे स्वर काफी थाटाचे. हा राग इकडच्या गाण्यात उभा राहिला तो मुख्यतः त्यागराजांच्या कृतींवर.

त्यांची दोन गेय नाटकेही आहेत, ‘प्रह्लाद भक्ति विजयम’ आणि ‘नौका चरित्रम’. नौका चरित्रात गर्वाने फुललेल्या गोपींच्या होडीला यमुनेत वादळ गाठते, होडीला भोक पडते, आणि गर्व पाण्यात जातो. शिवाय दिव्यनाम कीर्तने आहेत, सोपी, चार माणसांनी मिळून गायची. ती ऐकताना आपल्या भजनाची आठवण न येणारा मराठी माणूस मी पाहिलेला नाही. या मुलखात समर्थ संप्रदायाचे मठ होते, मराठी कीर्तनकार येत होते, आणि त्यांच्या साकी-दिंडी-ओव्या पुढे तमिळ हरिकथेत शिरल्या. इकडच्या भजनमंडळींत आजही तुकोबांचे अभंग आणि त्यागराजांचे नामकीर्तन एकाच रात्री होते. कोणी कोणाकडून काय घेतले, याचा हिशेब मांडायची मला घाई नाही. ते एका सतरंजीवर बसले, एवढे मला पुरते.

दोन ऋणे मात्र इथे उच्चारलीच पाहिजेत. पहिले शिष्यांचे. वालाजापेटच्या वेंकटरमण भागवतरांनी आणि त्यांच्या मुलाने या रचना लिहून ठेवल्या. उमयाळपुरम आणि तिल्लैस्थानमच्या शिष्यांनी त्या गळ्यात जपल्या. म्हणूनच एकाच कृतीचे दोन पाठ तुम्हाला इथे ऐकू येतील. दोन्ही ऐका. दुसरे ऋण बेंगळूर नागरत्नम्मा यांचे. देवदासी परंपरेतल्या या विदुषीने आपली मिळकत खर्च करून, १९२० च्या दशकात, तिरुवय्यारूची त्यागराजांची समाधी पडझडीतून उभी केली. जिने समाधी बांधली तिला आणि इतर स्त्रियांना तिथे गाण्याची मुभा नव्हती. तिने त्यागराजांच्या पुण्यतिथीला स्त्रियांची वेगळी आराधना मांडली आणि १९४० च्या सुमारास सगळ्यांना एकत्र बसणे भाग पडले. १९५२ साली त्या गेल्या. त्यांची समाधी त्यागराजांच्या समाधीसमोरच आहे. आधी तिथे हात जोडा, एवढी माझी विनंती.

पौष वद्य पंचमीच्या आराधनेला कावेरीकाठी पाय ठेवायला जागा नसते. म्हणून मुद्दाम आम्ही हे शांत दिवस निवडले. उद्या पहाटे साडेपाचला गाड्या निघतील. इथून तिरुवय्यारू जेमतेम तेरा किलोमीटर, वाटेत पाच नद्यांचे पूल. तिरुवय्यारू या नावातच पाच नद्या आहेत. पाचव्या पुलापलीकडे उतरून आपण समाधीपर्यंत चालत जाऊ. पाचही कृतींचे शब्द देवनागरीत छापून दाराशी ठेवले आहेत, प्रत्येकाने एक प्रत घ्यावी. तेलुगू उच्चार चुकेल म्हणून कोणी गप्प बसू नये. आमच्या गावची मुले तुमच्यामध्ये विखरून बसतील, ज्याला शब्द सापडणार नाही त्याने शेजारच्या मुलाकडे पाहावे.