कुलवृत्तान्त आणि आप्तस्मृती
(मठाच्या वर्धापनोत्सवातील भाषण)



कुलवृत्तान्त लिहावयाचा म्हटले की आपण प्रथम जुने कागद शोधू लागतो. माझी विनंती अशी की, कागदांच्या आधी आप्तांकडे जावे. कारण कागदांची किल्ली बहुधा त्यांच्याजवळ असते.

आपल्या समाजाचा इतिहास स्थलांतराचा आहे. पोर्तुगीज अमदानीत कुशस्थळीचा श्रीमंगेश इ. स. १५६० मध्ये प्रियोळास आला. केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास व वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास आली. कुळेही पांगली. कोणी अंत्रुजात राहिले, कोणी कारवार-बेळगावकडे गेले. कोठे कामत, प्रभू, नायक ही उपनावे टिकली, तर कोठे मूळ गावावरून वेर्णेकर, लोटलीकर अशी रूढ झाली. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांच्या नोंदी असतात. परंतु त्या शोधण्यास मूळ गाव व जुने आडनाव सांगावे लागते. एक गोष्ट एका शाखेस ठाऊक असते, दुसरी दुसरीस. दोन्ही शाखा एकत्र बसल्यावाचून नोंद हाती लागत नाही.

आपल्या वंशावळींत एक मोठी उणीव आहे. त्यांत बहुधा पुरुषांचीच नावे असतात. लेकींची शाखा काढलीच जात नाही. आणि विवाहात नाव बदलल्यामुळे आजीचे जन्मनाव नातवंडांनाही माहीत नसते. याउलट आपला श्राद्धविधी पाहावा. महालयात पितृत्रयीबरोबर माता, पितामही व प्रपितामही यांचा नामगोत्रासह उच्चार होतो. मातामही, आत्या, मावशी, भगिनी यांचेही स्मरण होते. शास्त्राने ज्यांना पिंडाचा अधिकार दिला, त्यांना आपण वंशावळीत जागा नाकारावी, हे न्याय्य नाही. महालयाची नावे पुष्कळ घरांत लिहून ठेवलेली असतात. ती यादी प्रथम मिळवावी.

मग घरातील वृद्ध स्त्रियांना विचारावे: जन्मनाव काय, माहेर कोठले, माहेरचे कुलदैवत कोणते, सोयरीक कोणी जुळविली? दोघींच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही कथने, सांगणारीच्या नावासह व तारखेसह, लिहून ठेवावीत. एखादे दुःख सांगावेसे वाटत नसेल तर आग्रह धरू नये.

कागद दप्तरात आणखी काही काळ टिकतील. माणसांच्या आठवणी तितके थांबणार नाहीत. या उत्सवानिमित्त दूरदूरचे आप्त येथे जमले आहेत. आज महाप्रसादास बसताना आपल्या पंक्तीतील वृद्धेस तिचे जन्मनाव विचारावे व ते लिहून घ्यावे, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.