बाटली नको, नाव हवं

आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा, आणि अल्लीपुरातून आम्ही वाइनबद्दल बोलतोय! पिण्यासाठी नव्हे हो. दारूबद्दल आपलं म्हणणं तेच.

सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे फ्रातेल्ली कंपनी ‘सेत्ते’ नावाची महाग लाल वाइन बनवते. संजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यो, या दोन जातींच्या द्राक्षांचं मिश्रण, ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेलं. सेत्ते म्हणजे इटालियनमध्ये सात, भागीदार सात. उसाच्या मुलखातली ही द्राक्षं नाव लावूनच बाहेर पडतात. आपला कापूस गाडीत भरला, की त्याचं गाव संपलं.

शेजारच्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगाव हळदीला मात्र 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. ती पिकवणाऱ्या गटांनी पुडीवर नुसतं ‘हळद’ का लिहावं? मानांकन वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती आधी करून घ्या.