सही करायच्या आधी



मला विषय दिलाय "न विसरता येणारा अनुभव आणि त्यातून मिळालेला धडा". शाळेतल्या निबंधाचा वाटतो ना? पण मी निबंध वाचणार नाहीये. मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. राहते सुरतजवळ इच्छापोरला. तुमच्यातले बरेच जण बेळगाव, खानापूर, निपाणी, भालकीकडचे. सुरतची मुलगी आपल्याला काय सांगणार, असं वाटू शकतं. म्हणून आधी आमच्याकडचं थोडं सांगते.

सुरतेत मराठी माणूस म्हटला की बहुतेक वेळा तो खान्देशी निघतो. धुळे, नंदुरबार, जळगावहून सुरत–भुसावळ रेल्वेनं लोक पिढ्यान् पिढ्या इकडं कामाला येतायत. लिंबायत, उधना, डिंडोलीत फिरलात तर अहिराणी सहज कानावर पडेल. याच मार्गावर नवापूर स्टेशन आहे. त्याचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली, तेव्हा डांग आणि उंबरगाव गुजरातेत गेले. पश्चिम खान्देशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा तालुक्यांतली काही गावंही गेली. म्हणजे सीमा आम्हालाही नवीन नाही.

इच्छापोर हे सुरत–हजिरा रस्त्यावरचं गाव. पुढं हजिऱ्याला मोठमोठे कारखाने, आणि अलीकडं ठेकेदारांची छोटी छोटी वर्कशॉपं. तिथं ओडिया, भोजपुरी, हिंदी, गुजराती, अहिराणी सगळं एकत्र चालतं. माझा मामा अशाच एका वर्कशॉपात कामाला होता. मूळचा साक्री तालुक्यातला. सातवीपर्यंत मराठी शाळा. सुरतेत येऊन तेव्हा अठरा वर्षं झालेली.

२०२२ ची गोष्ट. मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. पत्रा कापायच्या मशीनमध्ये मामाच्या उजव्या हाताची तर्जनी सापडली. दोन पेरं गेली. दवाखान्याचा खर्च ठेकेदारानं केला, हे खरं. पण बाराव्या दिवशी त्याचा सुपरवायझर घरी आला. हातात वीस हजार रुपये आणि एक स्टॅम्प पेपर. म्हणाला, "दादा, सही करा, पैसे घ्या, बरे झालात की कामावर या."

एक गोष्ट मुद्दाम सांगते. तो सुपरवायझर गुजराती नव्हता. आमच्याच खान्देशातला होता. मामीच्या हातचा चहा प्यायला आणि आमच्याशी अहिराणीत बोलत बसला.

मामानं डाव्या हातात पेन घेतलं. मग थांबला आणि कागद माझ्याकडं सरकवला. "हाई काय लिखेल शे व माय?"

मामाला गुजराती येत नव्हतं, असं समजू नका. बाजारात, कामावर, पोलीस चौकीत तो फाडफाड गुजराती बोलतो. पण वाचता येत नाही. गुजराती लिपी देवनागरीच्याच घरातली, पण तिला वरची शिरोरेषा नाही. ग, न, म, त ओळखू येतात. अ, ख, ज, फ, ब मात्र वेगळेच दिसतात. त्यामुळं मराठी शिकलेल्या माणसाला अर्धा शब्द लागतो आणि अर्धा निसटतो. मी शाळेत गुजराती शिकलेली. मी मोठ्यानं वाचायला लागले.

दोन वाक्यं होती. एकाचा अर्थ असा, की अपघात माझ्या स्वतःच्या चुकीनं झाला. दुसऱ्याचा असा, की आता माझा कसलाही हक्क-दावा राहिलेला नाही.

भाषांतर करायची गरजच पडली नाही. मी गुजरातीतच वाचत होते आणि ऐकून मामाला सगळं कळत होतं. मशीनचं गार्ड महिनाभर तुटलेलं होतं, ते त्यानं दोनदा सांगितलंही होतं. त्यानं पेन खाली ठेवलं. "सही नही करस मी." आवाज चढवला नाही, भांडला नाही. सुपरवायझर पैसे घेऊन परत गेला.

त्या रात्री घरात जेवण गोड लागलं नाही कुणाला. मामी म्हणाली, "वीस हजार तरी हातात होते." तिचं चुकीचं नव्हतं. घरभाडं द्यायचं होतं, दोन मुलांची फी होती आणि पुढचे दोन महिने मामा काम करू शकणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी आमच्या चाळीतल्या, पूर्वी कामगार संघटनेत असलेल्या एका काकांनी मला कायद्याचं नाव सांगितलं: कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३. मामाला ईएसआय लागू नव्हतं, म्हणून हा कायदा लागू. (आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावलाय. मी तेव्हाचं सांगतेय.) मी तो वाचून काढला. कलम १७ म्हणतं, भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल आहे. कलम २८ प्रमाणं एकरकमी तडजोड झाली तर तिचा कागद आयुक्तांकडं नोंदवावा लागतो. आणि २०१७ मध्ये घातलेलं कलम १७-अ म्हणतं, की कामावर घेतानाच मालकानं भरपाईच्या हक्काची लेखी माहिती द्यायची. तीही इंग्रजी, हिंदी किंवा तिथल्या राजभाषेत, त्या कामगाराला कळेल अशी. गुजरातच्या राजभाषा दोन आहेत, गुजराती आणि हिंदी. हिंदीत, म्हणजे देवनागरीत, एक पान दिलं असतं तरी मामानं ते स्वतः वाचलं असतं.

मग मी हिशोब मांडला. पगार १२,००० रुपये, त्याचे ६० टक्के ७,२००. मामाचं वय ४०. त्या वयाचा कायद्यातला गुणक १८४.१७. गुणाकार १३,२६,०२४ रुपये. तर्जनीची दोन पेरं गेली तर कमाईची क्षमता ११ टक्के घटली, असं कायद्याची अनुसूची धरते. त्याचे होतात १,४५,८६२ रुपये.

वीस हजार कुठं आणि एक लाख पंचेचाळीस हजार कुठं. मध्ये होता फक्त एक न वाचलेला कागद.

पुढं चौदा महिने खेटे घातले. अर्ज कसा भरायचा, सोबत काय जोडायचं, हे एका गुजराती बेननं आम्हाला बसवून समजावलं. शेवटी आयुक्तांपुढं रक्कम ठरली आणि मामाच्या खात्यात जमा झाली. बोट काही परत आलं नाही. त्या ठेकेदाराकडं मामा परत गेलाही नाही.

आता धड्याकडं येते.

आपण सीमाभागातली मुलं भाषेबद्दल बोलतो तेव्हा बहुतेक वेळा अस्मितेबद्दल बोलतो. पाटी, झेंडा, घोषणा. त्याला किंमत आहेच. पण मामाच्या घरात मी जे पाहिलं ते वेगळं होतं. तिथं फसवायला आलेला आपल्याच बोलीत गोड बोलत होता आणि मदत करणारी बाई दुसऱ्या भाषेची होती. मामाला अडवलं ते गुजराती माणसानं नाही, त्याला वाचता न येणाऱ्या कागदानं. बोलता आलं की पोट भरतं. हक्क मात्र कागदावर असतो, आणि तो कागद ज्याला वाचता येतो त्याचाच होतो.

म्हणून मला दोन गोष्टी एकत्र कराव्याशा वाटतात. काहींना त्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतील.

पहिली: आपल्या भाषेत कागद मागत राहायचं. राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० सांगतो, की तक्रारीचं निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. उत्तर त्याच भाषेत मिळेल असं तिथं म्हटलेलं नाही, पण अर्ज मराठीत आहे म्हणून परत करता येत नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आलेले ३५०-अ आणि ३५०-ब हेही पाठ करा. एक मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाबद्दल आहे, दुसरा भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या विशेष अधिकाऱ्याबद्दल.

दुसरी: तोवर समोरची लिपी वाचायला शिकायची. बेळगावच्या मुलांना हे टोचेल, मला माहितीय. कन्नड शिकणं म्हणजे हार मानणं, असं घराघरांत ऐकलेलं असतं. पण तुमच्या आजोबांच्या जमिनीचा उतारा, ग्रामपंचायतीची नोटीस, बँकेचा कागद आज ज्या लिपीत येतो, तो तुमच्या घरात कुणाला तरी वाचता यायला नको का? लिपी वाचता आली म्हणून मराठी कमी होत नाही. उलट, या कागदात काय लपवलंय ते सांगून मग तो मराठीत मागता येतो.

आणि हे फक्त आपल्यापुरतं नाही. मामाचं प्रकरण कळल्यावर शेजारच्या खोलीतला एक ओडिया कामगार असाच कागद घेऊन आमच्याकडं आला. त्याला तर त्यातलं एकही अक्षर ओळखीचं नव्हतं. मी त्याला हिंदीत वाचून दाखवला. त्याच्यासारखाच कुणीतरी उद्या पुण्यात किंवा नाशकात मराठी कागदासमोर पेन धरून बसलेला असेल. बेळगावात आपण जे मागतो, ते तिथं त्यालाही मिळायला हवं.

इच्छापोरला आम्ही चार मुली आता रविवारी संध्याकाळी चाळीत बसतो. कुणी पगाराची स्लिप आणतं, कुणी भाडेकरार, कुणी विम्याचा कागद. आम्ही फक्त वाचून दाखवतो. सही करायची की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. तुमच्या गल्लीत, तुमच्या मंडळाच्या खोलीतही हे करता येईल. एक टेबल, एक चटई आणि दोन्ही लिपी वाचणारं एक माणूस पुरतं.