इंजिनाचे फेरे कमी का पडतात?



मुंबईत चारकोपच्या एका गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१७ मध्ये त्याची अधिकृत नोंदणी झाली. तेव्हापासून आम्हा डिप्लोमावाल्यांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास येतो: घरी बांधलेल्या विमानाचे इंजिन पूर्ण थ्रॉटल देऊनही फेरे कमी देत असेल तर काय करावे?

इंजिन लगेच उघडू नये. आधी टॅकोमीटरच दुसऱ्या मापकाशी ताडून पाहावा. थ्रॉटल शेवटपर्यंत उघडतो का, कार्बोरेटरची गरम हवा बंद आहे का, ते बघावे. मग एकेक मॅग्नेटो बंद करून फेरे किती उतरतात ते टिपावे. पुढे पेट्रोलचा पुरवठा, प्लग आणि कॉम्प्रेशन. सगळे ठीक निघाले, तर प्रोपेलरच्या पात्यांचा कोन मोजावा; तो जास्त असला की इंजिनावर भार येतो.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. दोन केले, तर गुण कशाने आला ते कळत नाही.

आपल्या बडोद्याच्या मे महिन्यात हवा विरळ होते, ताकद आणखी घटते. म्हणून फेरे पुरे होईपर्यंत विमान जमिनीवरच बरे. धावपट्टी संपल्यावर दुरुस्तीला वेळ मिळत नाही.

विघ्नहर्ता पाठीशी आहेच. तपासणी मात्र आपणच करायची.

गणपती बाप्पा मोरया!