उकिडवे बसले तर बसू द्या

हृदयाचे दुखणे घेऊन जन्मलेल्या मुलाविषयी आपल्याकडे एक समज फार पक्का आहे. तो असा की, शस्त्रक्रिया होईपर्यंत अशा मुलाला उंबऱ्याबाहेर काढू नये. वारा लागेल, दम लागेल, नजर लागेल. सांगणारी माणसे मायेनेच सांगतात. परंतु शस्त्रक्रियेची तारीख कधी आठ दिवसांनी मिळते, तर कधी आठ महिन्यांनी. दोन वर्षांच्या मुलाचे आठ महिने म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा झाला. हा हिस्सा त्याने चार भिंतींत काढायचा काय, याविषयी आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे.

मी डॉक्टर नाही; वाई तालुक्यातला प्राथमिक शिक्षक आहे. आमच्या धाकट्या मुलाचे दुखणे उघडकीस आले ते अंगणवाडीत. २०१३ पासून सरकारचा बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याचे पथक अंगणवाडीतली मुले वर्षातून दोनदा आणि शाळेतली मुले एकदा तपासते. त्या डॉक्टरीणबाईंनी इतर मुलांच्या छातीला नळी लावली अन् काढली. आमच्या मुलाच्या छातीवर मात्र ती बराच वेळ ठेवली. मग त्याची जीभ पाहिली, नखे पाहिली आणि आम्हांस जिल्ह्याच्या गावी पाठविले. तिथे ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र काढले आणि दुखण्याचे नाव कळले. फ्रान्समधील मार्सेय शहरी फॅलो नावाचे वैद्य होऊन गेले. त्यांनी १८८८ मध्ये ह्या विकाराचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्यांचेच नाव त्याला पडले आहे.

हा विकार आहे तरी काय? हृदयाचे खालचे दोन कप्पे असतात. उजवा कप्पा काळपट रक्त फुप्फुसांकडे धाडतो आणि डावा कप्पा फुप्फुसांतून आलेले लालभडक, शुद्ध रक्त अंगभर पोहोचवितो. ह्या मुलांच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असते आणि फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते. पाटाच्या पाण्याचेच उदाहरण घ्या. एका दांडाचे तोंड गाळाने बुजत आले, की पाणी शेजारच्या दांडात शिरते. तसे हे अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे न जाता भोकातून पलीकडे शिरते आणि तसेच अंगात फिरते. म्हणून ओठ निळसर दिसतात. आपल्या सावळ्या मुलांत तो निळेपणा ओठांवर नीट दिसत नाही. जीभ आणि ओठाची आतली बाजू पाहावी लागते.

मोठ्या रुग्णालयात सांगितले, ‘शस्त्रक्रिया होईल, मूल बरे होईल; पण जरा वजन वाढू द्या, तुमचा क्रमांकही येऊ द्या.’ झाले. वाट पाहणे सुरू झाले.

आमच्या मातोश्रींनी दाराला कडी घालण्याचीच तयारी केली होती. मुलाच्या आईने मात्र डॉक्टरांना सरळ विचारले, ‘ह्याला बाहेर न्यायचे की नाही?’ ते म्हणाले, ‘न्या की. पळायचे, थांबायचे ते त्याचे तो ठरवील. तहानलेला ठेवू नका, फार रडू देऊ नका, गर्दीत नेऊ नका.’ ही तीन वाक्ये घेऊन आम्ही बाहेर पडू लागलो.

पहिली सहल मेणवलीची. वाईपासून जवळच कृष्णाकाठी नाना फडणिसांचा वाडा आहे, घाट आहे आणि देवळापाशी वसईच्या विजयानंतर आणलेली मोठी घंटा टांगलेली आहे. शहरचे लोक तिथे चित्रपटांची ठिकाणे पाहावयास येतात. आमच्या चिरंजीवांना त्या घंटेखाली उभे राहून वर पाहण्यात आणि पायरीवर बसून वाहते पाणी पाहण्यात तासभर सहज जाई. सकाळी उठल्या उठल्या ह्या मुलांना त्रास होण्याचा संभव जास्त असतो, म्हणून आम्ही दुपारची झोप आणि खाणे आटोपून, उन्हे कलली की निघत असू. सोबत पाण्याची बाटली हवीच. ह्या मुलांचे रक्त आधीच दाट झालेले असते. उन्हाने किंवा जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले, तर ते अधिक दाट होते आणि त्यापासून मेंदूलाही धोका पोहोचू शकतो. चैत्र-वैशाखात तर घोटघोट पाणी पाजणे हेच आमचे मुख्य काम असे.

त्या घाटावरच एक गोष्ट नीट ध्यानात आली. मुलगा दहा-पंधरा पावले धावे आणि मध्येच उकिडवा बसे. गुडघे पोटाशी, हनुवटी गुडघ्यांवर. मिनिटभर बसे आणि पुन्हा चालू लागे. आजी म्हणे, ‘अरं, उठव त्याला, मातीत बसलंय पोर!’ पण त्याला उठवायचे नसते. असे बसल्याने पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, अंगाकडची वाट अवघड होते आणि त्यामुळे अधिक रक्त फुप्फुसांच्या अरुंद वाटेने जाऊ लागते. मुलाला हे कोणी शिकविलेले नसते. दम लागला की त्याचे शरीरच हा उपाय शोधून काढते.

अमेरिकेत बाल्टिमोर येथे हेलन टॉसिग नावाच्या डॉक्टरीणबाई अशा मुलांवर उपचार करीत. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून त्या छातीवर हात ठेवून हृदय तपासीत. फुप्फुसांकडे रक्ताची नवी वाट काढून देता येईल, ही कल्पना त्यांची. व्हिव्हियन थॉमस ह्या कृष्णवर्णीय सहायकाने ती कुत्र्यांवर प्रयोग करून सिद्धीस नेली आणि २९ नोव्हेंबर १९४४ रोजी शल्यविशारद ब्लॅलॉक यांनी पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर ती शस्त्रक्रिया केली. थॉमस त्यांच्या मागे उभे राहून टाके कसे घालावेत ते सांगत होते. त्या मुलीला पुढे फार आयुष्य लाभले नाही. पण दार उघडले. दहाच वर्षांनी, १९५४ मध्ये, मिनेसोटात हृदय उघडून भोक बुजविण्याची आणि वाट रुंद करण्याची शस्त्रक्रियाही झाली.

शिक्षक मित्रांनो, इथे आपल्याशी दोन शब्द बोलायचे आहेत. आपल्याकडे उकिडवे बसणे इतके अंगवळणी पडलेले आहे की, त्याचे कोणाला काही वाटत नाही. बांधावर, विहिरीवर, चावडीपुढे माणसे तशीच बसतात. त्यामुळे लंगडीच्या डावात एखादे मूल पुन्हा पुन्हा उकिडवे बसू लागले, तर आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो. असे मूल दिसले तर त्याची जीभ पाहा, बोटांची टोके फुगीर आहेत का पाहा, आणि तपासणीचे पथक येण्याची वाट न पाहता आरोग्य केंद्रात न्यावयास आईबापांना सांगा. हजार बाळंतपणांत सुमारे आठ-नऊ मुले हृदयाचा काही ना काही दोष घेऊन येतात. सगळेच दोष असे भारी नसतात. पण दोष आहे, हे कळले तर पाहिजे.

आता गर्दीविषयी. रंगपंचमीला आमच्याकडे बावधनचे बगाड असते. माणसांचा समुद्र लोटतो. तिथे त्याला नेले नाही. आदल्या दिवशी बैल तेवढे दाखवून आणले. ते त्याला पुरेसे झाले. गर्दीतल्या खोकल्या-शिंकण्याची धास्ती निराळीच असते. मुलाला ताप-सर्दी झाली की शस्त्रक्रिया पुढे ढकलतात, आणि महिनोन्महिने वाट पाहून मिळालेली तारीख हातची जाते. म्हणून शेवटचा महिनाभर आम्ही लग्ने, जत्रा, बाजार हे सारे वर्ज्य केले आणि फिरणे शेतापुरते ठेवले. पाचगणीला जायचे होते, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारले; कारण पसरणीचा घाट चढून वर गेले की हवा गार आणि किंचित विरळ लागते. त्यांनी मुलाच्या रक्तातल्या प्राणवायूचा आकडा पाहिला, तो शंभराऐवजी ऐंशीच्या आसपास असे, आणि कानटोपी घालून दुपारपुरते जाऊन यावयास सांगितले. दुसऱ्या मुलाला कदाचित नको म्हणतील. ज्याचे त्याने विचारावे.

त्या पाचगणीहून परतताना एस.टी.त आम्हांवर प्रसंग आला. हातातला फुगा फुटला, मुलगा रडू लागला आणि रडता रडता ओठ जांभळे झाले. श्वास जलद आणि खोल चालू लागला. डोळे फिरल्यासारखे वाटले. कोणी म्हणाले कांदा हुंगवा, कोणी म्हणाले पाणी मारा. आईने काही एक ऐकले नाही. तिने त्याला छातीशी धरले, दोन्ही गुडघे दुमडून त्याच्या पोटाशी घट्ट दाबले आणि हळू आवाजात त्याच्या कानाशी बोलत राहिली. उकिडवे बसण्याचेच हे काम. मूल स्वतः करू शकत नाही तेव्हा आईने करायचे. कंडक्टरांनी गाडी उभी करविली. पाच-सात मिनिटे गेली. किती मोठी असतात ती मिनिटे! मग रंग परतला. तिथून आम्ही घरी न जाता तडक रुग्णालय गाठले, आणि हेच बरोबर आहे. झटका ओसरला तरी डॉक्टरांना दाखवावे. ओसरत नसेल, मूल मलूल पडत असेल, तर गुडघे दाबून धरूनच मिळेल त्या वाहनाने निघावे किंवा १०८ ला फोन करावा. पाणी, दूध, औषध काही घशात ओतू नये.

त्या दिवसानंतर मातोश्री म्हणाल्या, ‘आता पुरे झालं फिरणं.’ डॉक्टर म्हणाले, ‘आजीबाई, फुगा घरीही फुटतो.’ त्यांनी औषधाची मात्रा बदलली आणि एक कागद लिहून दिला. त्यावर दुखण्याचे नाव, चालू औषधे, प्राणवायूचा नेहमीचा आकडा आणि रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक होता. तो कागद घडी घालून मुलाच्या आईच्या बटव्यात राहू लागला. पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा घाटावर गेलो; फुगे मात्र बंद केले. जत्रेतला खाऊही बंद केला. किडलेल्या दातांतून जंतू रक्तात शिरले, तर असल्या हृदयात ते घर करू शकतात. म्हणून रोज दोनदा दात घासणे हेही हृदयाचेच औषध समजावे.

खर्चाविषयी थोडक्यात सांगतो. बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून आणि महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून अशा शस्त्रक्रियांची सोय होऊ शकते. अंगणवाडी ताई किंवा आरोग्य केंद्रात चौकशी करावी. पैशासाठी बैलजोडी विकायला काढण्यापूर्वी ही चौकशी अवश्य करावी.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तिथल्या परिचारिकेने विचारले, ‘हा रडला तर कशाने शांत होतो?’ मुलाच्या आईने सांगितले, ‘वाहते पाणी दाखवा.’ त्या बाईंनी हात धुण्याच्या भांड्याचा नळ सोडला आणि त्याला कडेवर घेऊन तिथे उभ्या राहिल्या. शिरेत सुई घालून झाली तरी तो धारेकडेच पाहत होता.

शस्त्रक्रिया झाली. ओठ आता गुलाबी आहेत. छातीचे हाड सांधेपर्यंत, म्हणजे दीड-दोन महिने, अशा मुलाला काखेत हात घालून उचलायचे नसते. एक हात पाठीखाली आणि एक बुडाखाली घालून उचलावे लागते. खांद्यावर बसविणे तर दूरच. तेव्हा घाटावर जातो तो सध्या आमचे बोट धरून, पायी. उकिडवा अजूनही बसतो. पण आता पाण्यात खडे टाकण्यासाठी.