खबर, खात्री आणि निर्णय

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



देशाच्या सुरक्षेवर संकट येते तेव्हा गुप्तवार्तेच्या आधारे निर्णय कसे होतात, या विषयावर शिरपूरच्या एका मास्तराने काय बोलावे, असे आपल्याला वाटत असेल. मलाही तसेच वाटले होते. पण या गोष्टीची सुरुवात दिल्लीत नसून एका गुराख्यापासून होते, म्हणून धाडस करतो.

५ ऑगस्ट १९६५. काश्मीरमध्ये गुलमर्गजवळ महंमद दीन नावाच्या तरुण गुराख्याला हिरवे सलवार-कमीज घातलेली दोन अनोळखी माणसे भेटली. त्यांनी माहितीच्या बदल्यात ४०० रुपये देऊ केले. तो त्यांच्याशी गोडीने बोलला आणि तडक तंगमर्गच्या पोलीस ठाण्यात गेला. त्याच सुमारास दूर मेंढर भागात वजीर महंमद यांनीही अशीच खबर लष्कराला दिली. विद्यार्थी मित्रांनो, येथे थोडे थांबा. एकट्या दीनचे सांगणे ही नुसती खबर होती. त्याला न ओळखणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून तीच गोष्ट आली, तेव्हा तिला वजन आले. ८ ऑगस्टला दोन पाकिस्तानी अधिकारी पकडले गेले आणि बेत उघड झाला. पीर दस्तगीर साहेबांच्या उत्सवाच्या गर्दीत मिसळून श्रीनगरात उठाव घडवायचा होता. तो फसला.

त्या वेळी संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. १ सप्टेंबरला पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये घुसले. दुपारी सेनाप्रमुख जनरल चौधरी आणि हवाईदलाचे प्रमुख अर्जनसिंग त्यांच्याकडे आले. विमाने वापरण्याची परवानगी हवी होती. द्यावी तर लढाई भडकणार, न द्यावी तर अखनूर हातचे जाण्याची भीती. साऱ्या बाजू कळेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. चव्हाणांनी तेथल्या तेथे होकार दिला आणि सायंकाळी पठाणकोटहून विमाने उडाली.

याच युद्धाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. युद्धबंदीचा प्रश्न आला तेव्हा पंतप्रधान शास्त्रीजींनी सेनाप्रमुखांना विचारणा केली. आघाडीचा बहुतेक दारूगोळा संपल्याचे सांगण्यात आले. पुढे हिशेब झाला, तो निघाला सुमारे १४ टक्के! चव्हाणांचे त्या वेळचे खासगी सचिव राम प्रधान यांनी हे लिहून ठेवले आहे. शत्रूच्या घरची खबर काढण्याची आपली धडपड असते, आणि स्वतःच्या कोठारात किती आहे हे मात्र पक्के ठाऊक नसते. संसारातही असेच चालते, हे पालकांना वेगळे सांगायला नको.

हेच राम प्रधान पुढे केंद्रीय गृहसचिव झाले. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला, १६६ माणसे गेली, त्यात सर्व धर्मांचे लोक होते. त्या वेळी पोलिसांच्या कामगिरीची चौकशी करण्यासाठी राज्य सरकारने प्रधान आणि गुप्तवार्ता क्षेत्रातील ज्येष्ठ अधिकारी बालचंद्रन यांची समिती नेमली. त्यांना काय दिसले? हल्ला समुद्रमार्गे होऊ शकतो, एकाच वेळी अनेक ठिकाणी होऊ शकतो, असे इशारे २००६ पासून येत होते. कागद होते. ते एकापुढे एक मांडून सगळे मिळून काय सांगतात, हे पाहणारी पक्की व्यवस्था नव्हती. १९६५ साली दोन खबरी जुळल्या. २००८ साली कितीतरी आल्या, पण जुळविल्या गेल्या नाहीत.

आता माझी स्वतःची गोष्ट. सांगताना लाज वाटते, तरी सांगतो. काही वर्षांपूर्वी दहावीच्या पेपरच्या आदल्या रात्री माझ्या मोबाईलवर निरोप आला, की केंद्र असलेल्या गावी दगडफेक झाली असून रस्ता बंद आहे. मी घाबरलो. तीन मुलींच्या घरी फोन करून ‘सकाळी पाठवू नका’ असे सांगितले. त्या गावातल्या एका मित्राचा नंबर माझ्याजवळ होता. त्याला विचारायचे मला सुचलेच नाही. सकाळी कळले, की गाव शांत होते आणि पेपर वेळेवर सुरू झाला होता.

दोघींनी जुलैच्या पुरवणी परीक्षेला बसायचे ठरविले. तिसरीचे शिक्षण तेथेच थांबले. तिचे वडील आजही बाजारात भेटले की आधी सलाम करतात. त्यांनी मला एकदा तरी रागावून बोलायला हवे होते.

जुलैत त्या दोघींच्या पेपरच्या आदल्या रात्री पुन्हा निरोप आला, रस्ता बंद! या वेळी मित्राला फोन केला, मग त्या गावच्या एका दुकानदाराला केला. दोघांनी एकच सांगितले: नाल्याला पूर आला आहे, पूल पाण्याखाली आहे. त्या मुलींना पहाटे चार वाजता जीपमध्ये बसवून आम्ही लांबच्या रस्त्याने नेले. केंद्राचे फाटक उघडण्यापूर्वीच पोहोचलो होतो.