पोच घेतली का?

जळगावातल्या एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे म्हणून आलेले वकीलसाहेब इथलेच माजी विद्यार्थी. पुढे अपक्ष नगरसेवक झाले. पत्रिकेत विषय छापला होता 'कायदा आणि स्थानिक स्वराज्य संस्था'. पण समोर जुने सर बसलेले दिसले आणि बोलण्याची गाडी थेट वसतिगृहाच्या आठवणींत शिरली. पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, भरीत, कळण्याची भाकरी, आणि ग्रंथालयाचा चार आणे दंड भरला तरी पावती घ्यायला लावणारे ग्रंथपाल.

त्या पावतीवरून ते घरकुल प्रकरणावर आले.

तत्कालीन जळगाव नगरपालिकेने सुमारे ११ हजार घरकुलांची योजना आखली. बांधून झाली त्यातली थोडीच. ठेकेदाराला बिनव्याजी आगाऊ रक्कम मात्र मिळाली होती. ३ फेब्रुवारी २००६ रोजी तेव्हाचे महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी पोलिसांत फिर्याद दिली. गैरव्यवहाराचा आकडा होता २९ कोटींचा. माजी मंत्री सुरेश जैन यांना अटक व्हायला २०१२ उजाडलं. खटला चालला धुळ्याच्या विशेष न्यायालयात. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जण दोषी ठरले. जैन यांना सात वर्षं कैद आणि १०० कोटी रुपये दंड, माजी मंत्री गुलाबराव देवकर यांना पाच वर्षं कैद. निकालाविरुद्ध अपिलं झाली, हेही पाहुण्यांनी आवर्जून सांगितलं. वकिलाला ते सांगावंच लागतं.

"तेरा वर्षं हे प्रकरण कशावर उभं राहिलं? ठराव, धनादेश, मोजमाप पुस्तिका. भाषणांवर नाही," ते म्हणाले. मग एकच गोष्ट त्यांनी पुन्हापुन्हा ठासून सांगितली: तक्रार तोंडी करू नका, लेखी द्या, आवक क्रमांकासह पोच घ्या. गटार तुंबलं, शिष्यवृत्ती अडली, तरी पोच. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा आहे. दहा रुपयांत अर्ज होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मोर्चाला शेकडो पोरं येतात, अर्ज लिहायला एकही बसत नाही, याची त्यांना खरी खंत होती, आणि ती रास्तच आहे.

मागे बक्षिसांचे चषक मांडले जात होते, तरी ते थांबले नाहीत. पुढच्या रांगेतल्या नगरसेवकांकडे वळून त्यांनी महापालिकेच्या अर्थसंकल्पाची प्रत दरवर्षी कॉलेजच्या ग्रंथालयाला द्या, अशी मागणी केली. प्राचार्यांना म्हणाले, "सर, प्रत आली की पोच द्या बरं का!"